मांटू चाचणीचे दोन दिवस

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांना क्षयरोग असल्याचे निदान झाले, तेव्हा त्यांच्या सात वर्षांच्या नातवाची मांटू चाचणी करून घ्यावी असे डॉक्टरांनी सांगितले. त्याची आई मला सोबत घेऊन गेली, कारण मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि त्यामुळे दवाखान्यातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मला येतात असा आमच्या इमारतीत एक गोड गैरसमज आहे. परिचारिकेने मुलाचा डावा हात उताणा धरला, कोपराच्या चार बोटे खाली बारीक सुई जवळजवळ आडवी ठेवून कातडीच्या आतल्या आत ०.१ मिलिलिटर द्रव सोडला, आणि तिथे हरभऱ्याएवढा पांढुरका फुगा उठला, ज्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसत होते. तिने निळ्या पेनने भोवती वर्तुळ काढले, खाजवायचे नाही असे मुलाला बजावले आणि परवा याच वेळेला यायला सांगितले. जिना उतरताना मुलाच्या आईने विचारले, "ताई, औषध तर आज घातलं. मग दोन दिवस आत शिजतंय काय?"

"शरीराला ओळख पटायला वेळ लागतो," असे काहीतरी मी बोलून गेले. ते उत्तर अर्धे चुकीचे होते, आणि तिचा प्रश्न तिला स्वतःला वाटला असेल त्याहून कितीतरी नेमका होता. कातडीखाली खरोखरच काहीतरी शिजते. पाठ्यपुस्तकात त्या क्रियेला 'प्रतिजनावरील प्रक्रिया आणि त्याचे सादरीकरण' असे कोरडे नाव आहे आणि विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतात, पण विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत जीवशास्त्रात जी काही सुंदर कोडी सुटली, त्यांत मी हे कोडे बरेच वर ठेवते. म्हणून ते उत्तर इथे नीट लिहून काढते.

आधी त्या द्रवात काय असते ते सांगायला हवे. रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये क्षयाच्या जंतूंच्या अर्कातून ट्युबरक्युलिन तयार केले, आणि त्याने क्षय बरा होईल असे त्यांना वाटले होते. तो बरा झाला नाही, परंतु ज्यांच्या शरीरात या जंतूचा शिरकाव झालेला आहे त्यांच्या कातडीवर त्या अर्काची ठरावीक प्रतिक्रिया उमटते हे लक्षात आले, आणि १९०८ मध्ये शार्ल मांतू यांनी तो कातडीच्या थरातच टोचण्याची पद्धत घालून दिली. आज वापरतात तो याच अर्काचा शुद्ध केलेला प्रथिनांचा अंश असतो, त्यात एकही जिवंत जंतू नसतो. ज्याची या जंतूशी कधीच गाठ पडलेली नाही त्याच्या हातावरचा फुगा थोड्या वेळात जिरून जातो आणि पुढे काही घडत नाही. ज्याची गाठ पडली आहे त्याच्या हातावर दुसऱ्या दिवसापासून एक कडक, बोटाला लागणारा उंचवटा तयार होऊ लागतो.

हे काम रक्तातल्या प्रतिपिंडांचे, म्हणजे अँटीबॉडींचे, नाही. १९४५ मध्ये मेरिल चेस यांनी ट्युबरक्युलिनला प्रतिक्रिया देणाऱ्या गिनीपिगच्या पेशी दुसऱ्या, कोऱ्या गिनीपिगला दिल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर ती प्रतिक्रियाही त्याच्याकडे गेली. नुसता रक्तद्रव दिला तर ती जात नव्हती. या पेशींतल्या ज्या मुख्य सूत्रधार आहेत त्यांना आपण आज टी पेशी म्हणतो. प्रतिपिंड आणि टी पेशी यांच्या ओळखण्याच्या रीतीत जो फरक आहे, तो समजला की निम्मा विषय समजला. प्रतिपिंड प्रथिनाला आहे तसे, अख्खे, द्रवात तरंगत असतानाच पकडतो. टी पेशीसमोर तेच प्रथिन कितीही वेळ तरंगत ठेवले तरी तिला ते दिसत नाही. तिला जंतू दिसत नाही, विषाणू दिसत नाही, विष दिसत नाही. तिला दिसतो तो फक्त प्रथिनाचा बारीक कापलेला तुकडा, आणि तोही आपल्याच शरीरातल्या दुसऱ्या एखाद्या पेशीने आपल्या पृष्ठभागावर धरून दाखवला तरच.

आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, तशी ही परीक्षा आहे. एक महत्त्वाचा फरक एवढाच, की टी पेशी केवळ शीत पाहत नाही, तर ते शीत ज्या बोटांत धरले आहे ती बोटेही त्याच नजरेत पाहते, आणि बोटे ओळखीची नसतील तर शिताकडे ढुंकूनही बघत नाही. मुलांच्या पुस्तकांत टी पेशींना हातात भाला देऊन सैनिक म्हणून रंगवलेले असते, त्याबद्दल माझी जुनी तक्रार आहे. सैनिकाला शत्रू समोरून दिसतो. या बिचारीला तो जन्मात कधी दिसत नाही.

शीत शिजवावे लागते, म्हणजे प्रथिन आधी पेशीच्या पोटात जाऊन फुटावे लागते, हे कळले कसे? १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये एमिल उनानुए आणि कर्क झीगलर यांनी केलेले प्रयोग मी वर्गात नेहमी सांगते, कारण त्यातले एक पात्र आपल्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यांनी उंदराच्या मॅक्रोफेज पेशींना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशींना, लिस्टेरिया नावाचे जंतू खायला घातले आणि त्या जंतूंशी आधी सामना झालेल्या उंदरांच्या टी पेशी त्यांच्यावर सोडल्या. जंतू नुकतेच गिळलेले असताना टी पेशी त्यांना चिकटेनात. त्याच मॅक्रोफेजना उबेत साधारण अर्धा ते एक तास राहू दिले, की मात्र टी पेशी त्यांना घट्ट धरू लागल्या. मॅक्रोफेजना जंतू गिळल्यावर लगेच रसायनाने गोठवून टाकले तर काही होत नसे, पण तासाभरानंतर गोठवले तर त्या मेलेल्या पेशीसुद्धा टी पेशींना तो नमुना व्यवस्थित दाखवत. म्हणजे त्या तासाभरात आत काहीतरी घडून त्याचा निकाल बाहेर, पेशीच्या अंगावर, लागलेला होता.

पुढे १९८२ मध्ये त्यांनी मॅक्रोफेजना क्लोरोक्वीन दिले. हिवतापावर आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो ती हीच कडू गोळी. क्लोरोक्वीन पेशीतल्या आम्लयुक्त पिशव्यांत साठते आणि तिथली आम्लता उतरवते, त्यामुळे त्या पिशव्यांतील प्रथिने तोडणारी विकरे मंदावतात. क्लोरोक्वीन दिलेल्या मॅक्रोफेज जंतू गिळत होत्या, पण टी पेशींना काही दाखवू शकत नव्हत्या. चूल विझवली तर तांदूळ पातेल्यात असूनही भात होत नाही, तसा प्रकार झाला. संधिवातात आणि ल्युपसमध्ये याच औषधाचे भावंड, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, का दिले जाते असे कोणी विचारले तर ही विझलेली चूल त्यामागच्या कारणांपैकी एक मानली जाते. याच्या उलट बाजूचा पुरावा १९८३ मध्ये मिळाला. अंड्यातील ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन अख्खे दिले तर आधीच गोठवलेल्या पेशी ते सादर करू शकत नव्हत्या, पण विकरांनी बाहेरच तुकडे करून दिले तर त्याच गोठवलेल्या पेशी बिनतक्रार सादर करत होत्या. शिजवलेले बाहेरून आणून दिले तरी चालते, हे इथे सिद्ध झाले. ही गोष्ट पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

आता बोटांकडे येते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी १९७३-७४ मध्ये एक प्रयोग केला, जो करताना त्यांच्या डोक्यात हा प्रश्न नव्हताच. डोहर्टी पशुवैद्य होते आणि उंदरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक विषाणू ते अभ्यासत होते. तो विषाणू स्वतः पेशी मारत नाही, नुकसान होते ते त्या पेशींवर तुटून पडणाऱ्या टी पेशींमुळे. बाधा झालेल्या उंदराच्या टी पेशी त्यांनी काचपात्रात त्याच विषाणूची बाधा असलेल्या पेशींवर सोडल्या. या लक्ष्य पेशींत किरणोत्सारी क्रोमियम भरलेले होते, त्यामुळे पेशी फुटली की क्रोमियम बाहेर पडे आणि ते मोजता येई. लक्ष्य पेशी ज्या वंशाच्या उंदरांपासून घेतल्या होत्या त्यांच्याशी ऊतीच्या खुणा जुळणाऱ्या उंदरांच्या टी पेशींनी त्या फोडल्या. इतर वंशांच्या उंदरांनाही तोच विषाणू दिलेला होता, त्यांच्या टी पेशीही तितक्याच तरबेज असायला हव्या होत्या, पण त्यांनी या पेशींना हातही लावला नाही.

विषाणू तोच असताना हे का व्हावे? ऊतीच्या या खुणा ज्या जनुकांतून येतात, त्या एमएचसी जनुकसमूहाची ओळख तोवर त्वचा आणि इतर अवयवांच्या रोपणातील नकारामुळे झालेली होती. निसर्गाने आपल्या अंगात अवयवरोपण अडवण्याची सोय कशासाठी करून ठेवली असावी, हे कोडेच होते, कारण कोट्यवधी वर्षांत कोणी कोणाला मूत्रपिंड दिलेले नव्हते. या प्रयोगाने ते उलगडले. या रेणूंचे खरे काम रोपण अडवण्याचे नसून टी पेशींना नमुना धरून दाखवण्याचे आहे, आणि टी पेशी 'परका तुकडा अधिक आपला रेणू' अशी जोडगोळी एकत्रच ओळखते. दोघांना १९९६ मध्ये नोबेल मिळाले. परके आणि आपले हे दोन वेगळे कप्पे आहेत आणि प्रतिकारशक्ती त्यांतला फरक ओळखते, असे आपण सहज बोलतो. टी पेशीच्या बाबतीत ते वाक्य तितकेसे बरोबर नाही, कारण तिला परके दिसते तेच मुळी आपल्याच्या चौकटीत बसवलेले असते.

माणसातल्या या रेणूंना एचएलए म्हणतात. त्यांचे आकार माणसागणिक इतके वेगळे असतात की सख्ख्या भावंडांतही पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते, आणि मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा रोपणाच्या आधी जी 'मॅचिंग'ची धावपळ होते ती यासाठीच. प्रत्येकाची बोटे वेगळी, म्हणून कोणाला कोणते शीत पकडता येईल तेही वेगळे. सीलिअ‍ॅक हा गहू न सोसण्याचा आजार जवळजवळ नेहमी डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे एचएलए प्रकार असणाऱ्यांनाच होतो, कारण ग्लुटेनचे तुकडे त्या बोटांत घट्ट बसतात. अर्थात ती बोटे असलेल्या बहुतेकांना तो आजार होत नाही, हेही लगेच सांगायला हवे, नाहीतर लोक अहवाल घेऊन दारात उभे राहतात.

ही बोटे प्रत्यक्षात कशी दिसतात ते १९८७ मध्ये पामेला ब्यॉर्कमन, जॅक स्ट्रॉमिंजर आणि डॉन वायली यांनी एचएलए-ए२ या रेणूच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून दाखवले. रेणूच्या माथ्यावर एक पन्हळ होती. तळाला पट्ट्यांचा सपाट पाट आणि दोन्ही कडांना मळसूत्रासारख्या दोन भिंती. त्या पन्हळीत काहीतरी पडलेले होते, जे त्यांनी घातलेले नव्हते आणि ज्याचा आकार स्पष्ट लागत नव्हता. ते अस्पष्ट दिसत होते याचे कारण ती एकच वस्तू नव्हती. हजारो वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या रेणूंत बसलेले होते आणि चित्रात त्या सगळ्यांची सरासरी उमटली होती. मी विद्यार्थिनी असताना ते चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा सर म्हणाले होते की यंत्राने शिते पकडली आहेत, फक्त कोणत्या भाताची ते विचारू नका. बहुधा माझ्या डोक्यात भाताची उपमा तिथूनच राहिलेली असावी.

त्याच्या वर्षभर आधी इंग्लंडमध्ये अ‍ॅलन टाउनसेंड यांनी आणखी एक चक्रावून टाकणारी गोष्ट दाखवली होती. फ्ल्यूच्या विषाणूची बाधा झालेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशी विषाणूच्या आवरणावरची प्रथिने ओळखत असतील अशी सर्वांची अटकळ होती. प्रत्यक्षात त्यांतल्या पुष्कळ टी पेशी न्युक्लिओप्रोटीन या विषाणूच्या पार आत दडलेल्या प्रथिनाला ओळखत होत्या, आणि त्या प्रथिनाचा प्रयोगशाळेत तयार केलेला छोटा तुकडा निरोगी पेशीवर नुसता शिंपडला तरी ती पेशी टी पेशींच्या दृष्टीने बाधित ठरत होती. पेशीच्या पोटातले काहीही पृष्ठभागावर मांडले जाऊ शकते, असा याचा अर्थ होता.

इथे दोन वेगळ्या चुली आहेत हे मांडायला हवे. पहिली चूल बाहेरून गिळलेल्या मालासाठी आहे. मॅक्रोफेज, फांद्या फुटलेल्या डेंड्रिटिक पेशी आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या बी पेशी बाहेरचे प्रथिन किंवा जंतू एका पिशवीत ओढून घेतात, पिशवीत हळूहळू आम्ल वाढते, कॅथेप्सिन नावाची विकरे मालाचे तुकडे पाडतात. एमएचसी रेणूंचे दोन वर्ग आहेत, त्यांतले दुसऱ्या वर्गाचे रेणू पेशीच्या कारखान्यात तयार होऊन याच पिशव्यांकडे येतात, पण वाटेत भलतेसलते काही त्यांच्या पन्हळीत अडकू नये म्हणून ती आधीच एका प्रथिनाने बुजवलेली असते, ज्याला इन्व्हेरियंट चेन म्हणतात. आम्लात पोचल्यावर हे प्रथिनही कातरले जाते आणि त्याचा क्लिप नावाचा एक तुकडा तेवढा पन्हळीत शिल्लक राहतो. मग एचएलए-डीएम हा मदतनीस रेणू क्लिपला बाहेर सारतो आणि जो तुकडा जास्त घट्ट बसेल त्याला आत बसू देतो. या पन्हळीची दोन्ही तोंडे उघडी असल्यामुळे तेरा ते पंचवीस अमिनो आम्लांचे लांब तुकडेही दोन्हीकडून लोंबत बसू शकतात. असे भरलेले रेणू पृष्ठभागावर गेले की सीडी४ प्रकारच्या टी पेशी ते वाचतात. मांटू चाचणीतला खेळ मुख्यतः या चुलीवरचा आहे.

दुसरी चूल घरच्या मालासाठी आहे आणि ती केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत पेटलेली असते. पेशी जी प्रथिने स्वतः बनवते त्यांतली जुनी, बिघडलेली, चुकीची घडी पडलेली प्रथिने प्रोटिएसोम नावाच्या नळकांड्यातून कातरून निघतात. त्यांतले काही तुकडे टॅप नावाच्या वाहक दारातून पेशीच्या आतल्या पडद्यांच्या जाळ्यात (आंतर्द्रव्यजालिकेत) शिरतात, तिथे गरज पडली तर त्यांची टोके छाटली जातात, आणि पहिल्या वर्गाच्या एमएचसी रेणूच्या पन्हळीत ते बसवले जातात. ही पन्हळ दोन्ही टोकांना बंद असते, म्हणून तुकडा आठ ते दहा अमिनो आम्लांचाच लागतो, बहुतेक वेळा नऊचा. पन्हळ रिकामी राहिली तर रेणू टिकत नाही, ही फार मोलाची अट आहे, कारण त्यामुळे रिकामी बोटे सहसा बाहेर दिसतच नाहीत. विषाणू पेशीत शिरून तिच्याकडून आपली प्रथिने बनवून घेऊ लागला की त्याच्या प्रथिनांचीही हीच गत होते, आणि सीडी८ प्रकारच्या टी पेशी ती वाचून पेशीला मारतात. ज्याच्यामुळे ओठांवर बारीक फोड येतात त्या हर्पिसच्या विषाणूने यावर तोड काढलेली आहे. तो असे एक प्रथिन तयार करतो जे टॅपचे दार अडवून बसते, आणि मग पेशीच्या अंगावर मांडायला तुकडेच मिळत नाहीत.

या दोन चुलींमधली भिंत पक्की नाही. बाहेरून आलेला माल घरच्या चुलीवरही चढू शकतो, हे मायकेल बेव्हन यांनी १९७६ मध्ये दाखवले होते आणि ते काम मुख्यतः डेंड्रिटिक पेशी करतात, पण त्याच्या खोलात आज जात नाही. लशींच्या संदर्भात मात्र हा भेद कामाचा आहे. पुण्यात बनलेली कोविशिल्ड टोचल्यावर आपल्याच पेशी विषाणूचे काटेरी प्रथिन तयार करतात, म्हणजे माल घरच्या चुलीवर थेट पोचतो. कोव्हॅक्सिनमधला मारलेला विषाणू बाहेरून गिळावा लागतो.

आता मला सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट. तुकडे मांडणाऱ्या पेशीला ती काय मांडते आहे याची काडीची कल्पना नसते. एखाद्या पेशीच्या अंगावर पहिल्या वर्गाचे लाखभर रेणू असू शकतात आणि कोणत्याही निरोगी दिवशी त्या सगळ्यांत आपल्याच प्रथिनांचे तुकडे असतात. जंतू आला तरी त्याचे तुकडे त्या गर्दीत मोजकेच असतात. पेशी निवड करत नाही, ती फक्त ताट मांडून बसते. परक्या तुकड्याला ओळखण्याची जबाबदारी पूर्णपणे टी पेशीवर आहे, आणि ती अशी पार पडते की आपल्या ताटातल्या तुकड्यांना जोरात धरणाऱ्या बहुतेक टी पेशी थायमस ग्रंथीतच, तयार होत असताना, बाद केल्या जातात. तरी काही निसटतात. म्हणून कोऱ्या टी पेशीला केवळ तुकडा दिसून भागत नाही, तो दाखवणाऱ्या पेशीकडून धोक्याची दुसरी खूणही मिळावी लागते. जंतूची चाहूल लागल्याशिवाय डेंड्रिटिक पेशी ती खूण अंगावर पुरेशी आणत नाही, आणि खुणेविना तुकडा दिसला तर टी पेशी पेटून उठण्याऐवजी थंड पडते.

डेंड्रिटिक पेशींना राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हे नाव दिले, आणि पुढची कित्येक वर्षे त्या खरोखर वेगळ्या पेशी आहेत हेच अनेकांना पटत नव्हते. स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल जाहीर झाले ते त्यांच्या मृत्यूनंतर तीन दिवसांनी, आणि समितीला ते जाहीर करताना ठाऊक नव्हते म्हणून ते कायम ठेवले गेले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी झुंजताना त्यांनी स्वतःच्या डेंड्रिटिक पेशींवर आधारलेले उपचार स्वतःवर करून घेतले होते.

या पेशी कातडीत आणि फुप्फुसात फांद्या पसरून बसलेल्या असतात. माल गिळला आणि धोक्याची चाहूल लागली, की त्या जागा सोडून जवळच्या लसिका ग्रंथीकडे निघतात. एका ठरावीक तुकड्याला ओळखणारी कोरी टी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक असते, आणि ती शरीरभर शोधत फिरली असती तर जन्म पुरला नसता. ग्रंथीत मात्र टी पेशींची सतत ये-जा असते आणि एक डेंड्रिटिक पेशी तासाला शेकडो टी पेशींना आपले ताट दाखवू शकते. पायाला काटा मोडला, जखम चिघळली, की जांघेत अवधाण येते आणि आजी शेक द्यायला सांगते. जांघेतली ती दुखरी गाठ म्हणजे हा बाजार भरल्याची खूण असते. पायावरचा माल तिथे पोचलेला असतो, योग्य गिऱ्हाईक सापडलेले असते आणि ते झपाट्याने दुणावत असते.

क्षयाचा जंतू नेमका इथेच वेळकाढूपणा करतो. मॅक्रोफेज त्याला गिळते, पण तो ज्या पिशवीत आहे ती आम्लाच्या पिशवीला जोडली जाऊ देत नाही, हे १९७१ मध्ये आर्मस्ट्राँग आणि हार्ट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. क्लोरोक्वीनने जी चूल आपण बाहेरून विझवतो ती तो आतून पेटूच देत नाही. त्यावर तो जंतू फुप्फुसातून ग्रंथीपर्यंत पोचायलाही वेळ लावतो. उंदरांत टी पेशींची जुळवाजुळव सुरू व्हायलाच आठवडाभराहून जास्त काळ जातो. माणसात संसर्ग झाल्यापासून मांटू चाचणी सकारात्मक व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणून संपर्कात आलेल्या मुलाची चाचणी फार लवकर केली आणि काही उठले नाही, तर ती नंतर पुन्हा करायला सांगतात.

तर मग त्या दोन दिवसांत काय शिजते? बरीच वर्षे मीही वर्गात सांगत असे की प्रथिन शिजवून मांडण्यात हा वेळ जातो. एका विद्यार्थ्याने सरळ विचारले, "मॅडम, उनानुएंच्या प्रयोगात तर तासभरच लागला ना?" त्याचे बरोबर होते. शिजवणे आणि मांडणे पहिल्या काही तासांतच उरकते. कातडीतल्या डेंड्रिटिक पेशी आणि मॅक्रोफेज ट्युबरक्युलिनचे तुकडे दुसऱ्या वर्गाच्या रेणूंत घालून तयार असतात. परंतु ते ओळखणाऱ्या, आधीच्या भेटीची आठवण असलेल्या टी पेशी रक्तात थोड्याच असतात, आणि त्यांतल्या काही हातावरच्या त्या टोचलेल्या जागेवरून जाईपर्यंत वाट पाहावी लागते. त्या पोचल्या, तुकडा ओळखला, की त्या इंटरफेरॉन-गॅमा आणि इतर संदेशरेणू सोडतात, आसपासच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती चिकट होतात, आणि रक्तातल्या इतर पेशी तिथे थांबून बाहेर उतरू लागतात. अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांनी जो कडक भाग हाताला लागतो तो या जमलेल्या पेशींचा आणि त्यांच्यामध्ये साकळलेल्या फायब्रिन या धाग्यांसारख्या प्रथिनाचा. त्यांतल्या बहुसंख्य पेशींना क्षयाचे काही ठाऊक नसते. जेवण तासाभरात तयार होते, दोन दिवस लागतात ते वऱ्हाड जमायला.

याची पडताळणी एका दुसऱ्या चाचणीतून होते. इग्रा या रक्तचाचणीत नळीतच क्षयाच्या जंतूच्या दोन प्रथिनांचे कृत्रिम तुकडे आधीच भरलेले असतात, म्हणजे माल शिजवून, कापून आलेला. रक्तातल्या पेशी ते तुकडे आपल्या बोटांत धरतात, टी पेशी ते वाचतात आणि सोळा ते चोवीस तासांत किती इंटरफेरॉन-गॅमा सुटले ते मोजले जाते. टी पेशी शोधत यायच्या नाहीत, पाहुणे जमायचे नाहीत, त्यामुळे एका दिवसात काम होते. शिवाय ती दोन प्रथिने बीसीजी लशीत नसल्याने, जन्मतःच दंडावर टोचलेल्या बीसीजीमुळे मांटूत होऊ शकणारा घोटाळा इथे होत नाही. रक्त काढावे लागते आणि पैसे जास्त पडतात, एवढेच.

ठरल्या वेळी आम्ही पुन्हा गेलो. परिचारिकेने लालीकडे लक्ष दिले नाही. पेनचे टोक बाहेरून मध्याकडे हळूहळू सरकवत नेले आणि कडक भागाची कड लागून ते अडले तिथे रेघ थांबवली, मग तसेच समोरच्या बाजूने केले आणि दोन रेघांच्या टोकांमधले अंतर हाताच्या आडव्या दिशेने मोजले. तेरा मिलिमीटर. आईचा चेहरा उतरला, तेव्हा मी तिला एवढेच सांगू शकले की या गाठीचा अर्थ त्याच्या टी पेशींना ती शिते ओळखीची आहेत इतकाच आहे, आजार आहे असा नाही. डॉक्टरांनी छातीचे चित्र काढायला सांगितले, ते स्वच्छ आले आणि मुलाला प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या.

"मग आजोबांच्या हातावर केवढी उठली असती?" तिने विचारले. कदाचित याहून मोठी, कदाचित काहीच नाही, असे मी म्हणाले, कारण आजार बळावलेला असला, कुपोषण असले किंवा नुकताच गोवर होऊन गेला असला तरी वऱ्हाड जमवण्याची ताकद उरत नाही. गोवरात ही प्रतिक्रिया काही काळ नाहीशी होते हे फॉन पिर्के यांनी १९०८ मध्येच नोंदवले होते. आजोबांचे वजन तीन महिन्यांत नऊ किलो उतरले होते. त्यांची मांटू कोणी केलीच नव्हती, कारण थुंकीतच जंतू सापडले होते.